जीव त्यांचा, बिल दुसऱ्याचं

बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटबाहेर रविवारी सकाळी दोन गोष्टी हमखास मिळतात, कारल्याचा रस आणि मतं. मध्यंतरी तिथे एका मोबाइलभोवती पाच-सहा डोकी गोळा झाली होती. क्लिप नेहमीचीच. कुठल्याशा जंगलातली जिप्सी, मागच्या सीटवर उभा राहून कमरेपासून बाहेर झुकलेला एक माणूस, हात लांब करून धरलेला फोन आणि रस्त्याच्या कडेला उभा वाघ. माकडटोपीवाले एक काका म्हणाले, "एक पंजा हाणायला पाहिजे होता त्याने. जन्माची अद्दल घडली असती." शेजारचा तरुण लगेच उसळला, "पैसे मोजून गेलाय तो. त्याचा जीव, त्याची मर्जी, तुमचं काय जातंय?" तिसऱ्याला दोघेही पटेनात. त्याच्या मते सफाऱ्याच बंद करायला हव्यात, माणसाने जंगलात जावंच कशाला? (हे सांगणारे गृहस्थ रोज सकाळी त्याच जंगलात चार किलोमीटर चालतात.) रसाचे ग्लास रिकामे होईपर्यंत वाद रंगला, मग सगळे आपापल्या फेरीला लागले.

मला त्यातल्या कुणाचीच बाजू घेता येईना. घरी येताना कारण उमगलं. भांडत होते तिघे, पण तिघांनीही एक गोष्ट मुकाट्याने धरून ठेवली होती, की या गोष्टीत पात्रं दोनच. एक आगाऊ माणूस आणि एक जनावर. त्यांचं काय व्हायचं ते त्यांच्यात होईल, आपण फक्त कुणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या ते ठरवायचं. माझं म्हणणं असं, की हा आगाऊपणा जो करतो त्याच्या नावावर त्याचं बिल जवळपास कधीच फाटत नाही. ते जनावराच्या नावावर फाटतं आणि त्या जनावराच्या शेजारी ज्यांना रोज राहायचंय त्यांच्या नावावर फाटतं. म्हणून या प्रकाराला मूर्खपणा म्हणून मोकळं होणं मला मान्य नाही. मूर्खपणाला इलाज नसतो. इथे मात्र कुणीतरी जवळीक विकतंय, कुणीतरी विकत घेतंय आणि किंमत तिसराच मोजतोय. हा सरळ व्यवहार आहे आणि व्यवहाराला हिशेब लावता येतो.

तो तिसरा मी पाहिलेला आहे. पावसाळा सरता सरता, संध्याकाळी सातच्या सुमारास नॅशनल पार्कला लागून असलेल्या आरे कॉलनीतून रिक्षाने गोरेगावकडे येत होते. एका वळणावर गाड्या तुंबलेल्या. आधी वाटलं अपघात. रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "बिबट्या आहे मॅडम, कठड्यावर." खरंच होता. रस्त्याच्या कडेच्या बुटक्या कठड्यावर तो पोट टेकून बसला होता आणि शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. त्याला रस्ता ओलांडायचा होता हे कळायला कुणी वन्यजीवतज्ज्ञ लागत नव्हता, तो समोरच्या झाडीकडेच बघत होता. पण समोर हेडलाइटची भिंत उभी. सात-आठ गाड्या, तेवढ्याच बाइक, कुणी शिट्टी मारतंय, कुणी हॉर्न देतंय. एक मुलगा तर लग्नातला फोटोग्राफर हाक मारतो तशी हाक मारत होता, "ए, इकडे, इकडे बघ ना!" बिबट्याने कान मागे पाडले, एकदा तोंड उघडून फिस्स केलं. त्यावर "ओ हो हो" झालं, आणि तो वळून ज्या बाजूने आला होता त्याच बाजूला खाली उतरला. खेळ संपला. पाच मिनिटांत रस्ता मोकळा.

माझ्या रिक्षाच्या शेजारी एक बाई उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, हातात स्टीलचा डबा, कुठल्यातरी सोसायटीतली कामं आटपून घरी निघालेली. तिचा पाडा त्या कठड्याच्या खालच्या अंगाला, आणि पायवाट जिथून उतरते तिथेच तो उतरला होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "केवढी गर्दी केली लोकांनी." ती गाड्यांच्या मागच्या लाल दिव्यांकडे बघत म्हणाली, "ते जातील गाडीत बसून. त्याला आमच्या वाटेला लावून गेले." सूर तक्रारीचा नव्हता, बस चुकल्याचं सांगावं तसं सांगितलं. पाड्यातलं आणखी कुणी येईपर्यंत ती तिथेच थांबणार होती. रिक्षा खाली जात नाही. मी तिथे थांबले का? नाही. मलाही घरी जायचं होतं.

२०२२ च्या दिवाळीत याच आरेत जेमतेम दीड वर्षाची मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्या हल्ल्याचा कुठल्या गर्दीशी संबंध होता असं मी अजिबात म्हणत नाही, तसा पुरावा नाही. सांगायचंय ते एवढंच, की आरेत बिबट्या बघून घरी जाणारा आणि आरेत बिबट्यासोबत घरी जाणारा यांच्या जोखमीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याने केलेल्या चाळ्यांनी दुसऱ्याची जोखीम वाढवायची आणि वर म्हणायचं, माझा जीव, माझी मर्जी? तुझा जीव आहेच कुठे यात?

तरी "त्याचा जीव, त्याची मर्जी" या मुद्द्याला थोडी जागा देते, कारण तो वाटतो तितका पोरकट नाही. सह्याद्रीतल्या सुळक्यांवर दोर टाकून चढणारे जीव धोक्यात घालतातच, आणि त्यांचं आपल्याला कौतुक वाटतं. सज्ञान माणसाला धोका पत्करायचा हक्क असतो, हे मी मानते. पण त्या माणसाचं काही झालं तर सुळक्याला जबाबदार धरलं जात नाही. लोकलच्या दारात लटकणारा पोरगा खांबाला आपटून गेला तर हळहळ होते, क्वचित शिव्याही पडतात, पण संध्याकाळी कुणी कारशेडवर मोर्चा नेऊन "ही लोकल पकडा आणि लांब नेऊन सोडा" म्हणत नाही. बिबट्याच्या बाबतीत नेमकं तेच होतं. माणसाला ओरखडा उमटला की संध्याकाळपर्यंत मागणी तयार: पिंजरा लावा. टोपीवाल्या काकांना हवा होता तो पंजा वाघाने खरंच मारला असता तर अद्दल कुणाला घडली असती? माणसाला टाके पडले असते आणि वाघाची उरलेली सगळी वर्षं गजाआड गेली असती.

आणि पिंजऱ्याने शेजाऱ्यांचा धोका तरी टळतो का? या प्रश्नाचं उत्तर आपल्याच राज्याने फार महागात शिकलेलं आहे. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात २००१ नंतर बिबटे मोठ्या प्रमाणात पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास करून २०११ मध्ये जे मांडलं ते चक्रावून टाकणारं होतं. त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होत, ते १७ वर गेले. ओळखीच्या मुलखातून उपटलेलं, माणसांच्या गराड्यातून गेलेलं जनावर नव्या जागी शहाण्यासारखं वागत नाही. म्हणजे गर्दीने बिबट्या बिथरवायचा, बिथरला म्हणून पकडायचा, पकडून दुसऱ्या तालुक्यात सोडायचा आणि तिथल्या शेतकऱ्याने त्याचं भोगायचं. बिलाचा कागद असा हातोहात पुढे सरकत जातो. ज्याने जेवण मागवलं तो केव्हाच उठून गेलेला असतो.

जनावराच्या नावावर फाटलेलं बिल बघायचं असेल तर पुण्याचं कोथरूड आठवा. ९ डिसेंबर २०२० ला महात्मा सोसायटीच्या परिसरात एक गवा शिरला. त्याने कुणाचं काही बिघडवलेलं नव्हतं, वाट चुकला होता एवढंच. पुढचे काही तास तो धावत होता आणि शहर त्याच्या मागे धावत होतं. भिंतींवर आपटून तोंडातून रक्त आलेल्या त्या गव्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. भूल देऊन, दोरांनी बांधून त्याला गाडीत घातलं आणि थोड्या वेळात तो मेला. एवढं मोठं जनावर पळून पळून, भेदरून मरू शकतं हे अनेकांना त्या दिवशी कळलं. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दोनच आठवड्यांनी घडलेलं. २२ डिसेंबरला बावधनजवळ दुसरा गवा आला. या वेळी लोकांना लांब ठेवलं, जनावराला श्वास घेऊ दिला, आणि तो आपल्या पायांनी टेकडीकडे निघून गेला. तेच पुणे, तेच पुणेकर, तेच वनखातं. पंधरा दिवसांत पुणेकरांची अक्कल वाढली म्हणायची का? वाढली असेल तर आनंदच आहे, पण मला वाटतं वाढला तो बंदोबस्त.

अर्थात कधीकधी गर्दीलाही प्रसाद मिळतो. जानेवारी २०१९ मध्ये नाशिकच्या सावरकरनगरात शिरलेल्या बिबट्याने जमावातल्या काहींना जखमी केलं, त्यात बातमी टिपायला गेलेले पत्रकारही होते. पण अशा प्रसंगांनी गर्दी शहाणी झाली असती तर नाशिकनंतर कुठल्याच शहरात लोक बिबट्यामागे धावले नसते. अद्दलीचा सिद्धांत इथेच मार खातो. अद्दल एकाला घडते आणि तिची क्लिप लाखभर लोक करमणूक म्हणून बघतात.

"लोक मूर्खच आहेत, काय करणार" या मताचा मला जास्त राग येतो, कारण ते शहाणपणाचा आव आणून हात झटकतं. त्याला उत्तर द्यायला थोडं लांब, अमेरिकेत जावं लागेल. यलोस्टोन नॅशनल पार्क १८७२ चं, जगातलं पहिलं म्हणतात ते. तिथे एकेकाळी हॉटेलांचं उष्टं-खरकटं उकिरड्यावर ओतलं जाई, ते खायला अस्वलं येत, आणि ती बघायला बाकं मांडलेली असत. हा उद्यानाचा अधिकृत कार्यक्रम होता. रस्त्याकडेला गाड्या थांबवून लोक अस्वलाला हाताने बिस्किटं भरवत, पोराला शेजारी उभं करून फोटो काढत. परिणाम? १९३१ ते १९६९ या काळात तिथे अस्वलांनी माणसांना जखमी केल्याच्या घटना वर्षाला सरासरी ४८ च्या आसपास होत्या. ऑगस्ट १९६७ मध्ये दुसऱ्या एका उद्यानात, ग्लेशियरमध्ये, एकाच रात्री दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन वेगवेगळ्या अस्वलांनी दोन तरुणींचा जीव घेतला. त्यातल्या एका ठिकाणी तर पाहुण्यांच्या करमणुकीसाठी रोज खरकटं टाकलं जात होतं. मग धावपळ झाली. उकिरडे बंद झाले, अस्वलाला उघडता येणार नाहीत अशा कचरापेट्या आल्या, खायला घालण्यावरची बंदी कागदावरून रस्त्यावर उतरली. जखमींचा आकडा घसरत घसरत वर्षाला एखाद-दुसऱ्यावर आला. मधल्या काळात उकिरड्यांना चटावलेली कितीतरी अस्वलं मारली गेली, तेही विसरायला नको.

यात अमेरिकन पर्यटक सुधारला का? बिलकूल नाही. मे २०१६ मध्ये त्याच यलोस्टोनमध्ये काही पर्यटकांनी बायसनचं पिल्लू "थंडीने कुडकुडतंय" म्हणून उचलून गाडीत घातलं. कळपाने ते परत घेतलं नाही आणि शेवटी त्याला मारून टाकावं लागलं. अस्वल-लांडग्यापासून ९१ मीटर आणि बायसनपासून २३ मीटर लांब राहा, असा नियम तिथे सगळीकडे लिहिलेला असूनही हे घडतं. म्हणजे माणूस होता तसाच आहे. बदलली ती मांडामांड. १९३० साली व्यवस्था त्याला अस्वलाकडे ढकलत होती, आता ती मागे ओढते.

आपल्याकडची कथा वेगळी नाही. हल्ली सगळं खापर मोबाइलवर फोडायची पद्धत आहे, जणू रील यायच्या आधी आपण सगळे जंगलात हात जोडून उभे असायचो. मोबाइल जन्मायच्या आधी आपल्या नावाजलेल्या व्याघ्र-जंगलांत रेडकू बांधून वाघ बोलावला जाई आणि पाहुण्यांना तो जेवताना दाखवला जाई. पुढे ते थांबलं, तर हत्ती आले. मध्य प्रदेशात वर्षानुवर्षं "टायगर शो" चालला. सकाळी माहूत वाघ हुडकणार, हत्ती त्याला घेरून उभे राहणार, आणि पर्यटकांना पाळीपाळीने हत्तीवरून नेऊन काही मिनिटांचं दर्शन घडवणार. तिकीट लावून, पावती देऊन. आज जिप्सीतून झुकणाऱ्या माणसाला आपण हसतो, पण "वाघ म्हणजे दाखवायची वस्तू आणि जितका जवळून तितका भारी" हे त्याला कुणी शिकवलं?

आता समोरच्या बाजूचं सर्वांत वजनदार म्हणणं. पर्यटन नसेल तर जंगल वाचवायला कोण उभं राहील? ताडोब्याच्या भोवतालच्या गावांत गाइड, जिप्सीचालक, होमस्टे, खानावळी यांवर कितीतरी घरं चालतात. वाघ ज्या गावाची गुरं उचलतो त्या गावाला वाघापासून चार पैसे मिळणं हा न्यायच आहे. आणि मुंबईचं म्हणाल तर, जिथे चटईक्षेत्रासाठी माणसं एकमेकांच्या उरावर बसतात तिथे शंभरहून जास्त चौरस किलोमीटर जंगल शाबूत आहे, त्यात लोकांनी ते पाहिलंय, तिथे शाळेच्या सहली गेल्यात, याचा वाटा मोठा आहे. न पाहिलेल्यावर माया जडत नाही. हे सगळं मला शंभर टक्के मान्य आहे.

पण पाहणं विकणं आणि जवळ नेणं विकणं हे दोन वेगळे धंदे आहेत, आणि पहिल्याच्या नावाखाली दुसरा चालतो. जिप्सीत कसं होतं बघा. मुंबईहून रात्रभर प्रवास करून सहा जण आलेत, रिसॉर्ट, परमिट, गाडी धरून माणशी चांगला खर्च झालाय, तीन राउंड कोरडे गेलेत, हा शेवटचा. वाघीण दिसते. "भाऊ, थोडी अजून पुढे घे ना." भाऊला नियम पाठ आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत सगळं लिहिलंय, प्राण्यापासून किमान २० मीटर, दोन गाड्यांत ५० मीटर, एका जागी १५ मिनिटांपेक्षा जास्त ठिय्या नको, घेरायचं तर मुळीच नाही. अभयारण्यात प्राण्याला छेडण्यावर १९७२ च्या वन्यजीव कायद्यातच बंदी आहे. पण भाऊच्या हातात संध्याकाळी पडणारी बक्षिसी त्या २० मीटरमध्ये अडकलेली असते. शेजारची जिप्सी पुढे गेली, तर याचे पाहुणे तोंड पाडून उतरणार. अशा वेळी नाही म्हणायची अपेक्षा आपण सगळ्यांत कमी कमावणाऱ्या माणसाकडून करतो.

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात तेच झालं. एफ-२ नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे, पुढे जिप्सी, मागे जिप्सी. क्लिप फिरली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, आणि आधी कारवाई झाली ती चालक-गाइडांवर. चूक त्यांची होतीच. पण त्या गाड्या रिकाम्या तर नव्हत्या ना? परमिट ओळखपत्र दाखवल्याशिवाय निघत नाही, म्हणजे गाडीत कोण बसलं होतं हे खात्याला नावानिशी ठाऊक असतं. मग जिथे अंतर मोडलं तिथे ती फेरी तिथल्या तिथे संपवा, पैसे परत नाहीत, आणि त्या परमिटवरच्या सगळ्या नावांना दोन वर्षं राज्यातल्या कुठल्याही जंगलाचं बुकिंग बंद. दुसरं, गाइडची कमाई बक्षिसीवरून काढून फेरीवर बांधा, आणि गाडी मागे घ्यायला लावणाऱ्या गाइडला त्या दिवशी जास्त मिळू द्या. तिसरं, रिसॉर्टच्या जाहिरातीत जो वाघ बोनेटला नाक लावून उभा असतो तो फोटोच नियमभंगाचा पुरावा म्हणून धरा. एकदा मालकाला नोटीस गेली की बघा, जंगलात २० मीटर किती झटकन मोजता येतात. यात नवीन कायदा लागत नाही. बिल ज्याच्या टेबलावरचं त्याच्याकडे नेऊन ठेवायचं, एवढंच.

याच ओघात एक कबुली द्यायला हवी. पर्यटकांना नावं ठेवण्यात आमच्यासारख्यांची वर्गीय खोडी पुष्कळ आहे. कान्हेरीला पिकनिकला आलेलं कुटुंब माकडाला बिस्किट देतं तेव्हा आम्ही नाक मुरडतो. त्यांच्या हातातला फोन स्वस्तातला असतो, वेफरची पाकिटं रंगीत असतात, आवाज मोठे असतात. पण हातभर लांब लेन्स लावलेला गृहस्थ जिप्सीत कुजबुजत्या आवाजात "थोडी डावीकडे घे, बॅकग्राउंडला गवत येतंय" म्हणतो आणि गाडी वाघाच्या वाटेवर आडवी उभी राहते, तेव्हा त्याला आम्ही छंद म्हणतो. वाघाला दोन्ही सारखेच. म्हणून सफारीतल्या मोबाइलबंदीचं मी अर्धंच स्वागत करते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटनात मोबाइल नको म्हटलं. "इकडे दिसली, लवकर या" हे निरोप थांबले तर गाड्यांची झुंबड कमी होईल, हा मोठा फायदा. पण महागडा कॅमेरा गळ्यात आणि साधा फोन गेटवरच्या लॉकरमध्ये, एवढ्यावर नियम थांबला तर तो अंतराचा नियम राहत नाही, ऐपतीचा होतो.

जाणकार आणखी एक मुद्दा काढतात आणि तो खोडणं सोपं नाही. वाघ जिप्सीला सरावलेत, गाडीतल्या माणसावर वाघाने हल्ला केल्याचं क्वचितच ऐकायला मिळतं, मग एवढा आरडाओरडा कशाला? बरोबर आहे, वाघाच्या लेखी जिप्सी हा एक मोठा, वास मारणारा, निरुपद्रवी दगड आहे. पण मला भीती वाटते ती या सरावाचीच. माणसाच्या आवाजाने, वासाने, गर्दीने बाजूला व्हायची जी सवय वाघाच्या पिढ्यांना लागलेली असते, तिच्यावर जंगलाकाठच्या माणसाचा जीव टिकून असतो. ती सवय आपण हौसेखातर घासून बोथट करतो. गाडीच्या टपाशी खेळणारे बछडे दोनेक वर्षांचे झाले की आपला मुलूख शोधायला बाहेर पडतात, आणि तो मुलूख म्हणजे शेतं, नाले, गावठाणं. चंद्रपूरकडे दर उन्हाळ्यात मोह वेचायला, तेंदूपानं तोडायला वाकलेल्या बायकांच्या बातम्या येतात. वाकलेल्या बाईला जिप्सी नसते.

राहिला "सगळं बंद करा" हा पक्ष. तोही प्रयोग आपण करून पाहिला. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यात पर्यटन थांबवलं, ऑक्टोबरमध्ये नियम ठरवून परत सुरू केलं. कायमची बंदी मला पटत नाही, कारण बघणारे डोळे गेले की बाकीचे धंदे फावतात. आणि मुंबईत तर बंद करणार काय? आरेच्या रस्त्याला गेट नाही, तिकीट नाही. मुलुंडच्या, ठाण्याच्या, भाईंदरच्या सोसायटीत बिबट्या येतो तेव्हा तिथला प्रत्येक रहिवासी बाल्कनीतला पर्यटक होतो. या शहराने त्यावर एक उपाय २०११ पासून करून पाहिलाय. वनखात्याने "मुंबईकर्स फॉर एसजीएनपी" (एसजीएनपी म्हणजे बोरिवलीचं हेच संजय गांधी नॅशनल पार्क) या उपक्रमातून पोलीस, पत्रकार, सोसायट्या, पाडे सगळ्यांना एकत्र बसवलं. सांगणं साधं होतं, कचरा उचला म्हणजे कुत्री वाढणार नाहीत, अंधारात पोरांना एकटं सोडू नका, बिबट्या दिसला तर गर्दी करू नका, त्याला जायला वाट द्या. २००२ ते २००४ च्या काळात या जंगलाकाठी एकामागून एक बळी जात होते, ते दिवस आठवणाऱ्यांना फरक कळतो. २०१५ च्या कॅमेरा ट्रॅप मोजणीत इथे ३५ बिबटे मिळाले होते, २०१८ मध्ये ४७. बिबटे वाढले आणि तरीही ते भयंकर दिवस परतले नाहीत. सगळं श्रेय एका उपक्रमाला देऊ नये, पण "लोक ऐकतच नाहीत" हे रडगाणं तरी यामुळे खोटं ठरतं.

शिवाय अंतर ही कल्पना आपल्याला बाहेरून आणायची गरज नाही. याच जंगलातल्या वारली पाड्यांत वाघदेव पुजला जातो. लाकडात किंवा दगडात कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. वाघबारशीला नैवेद्य होतो. ज्याला देव मानलं त्याच्या अंगचटीला जायचं नसतं, त्याचा मान त्याच्या जागी ठेवायचा असतो. पूर्वी कुणाला वाघाने मारलंच नाही असा याचा अर्थ नाही, भाबडेपणा नको. पण गराडा घालून "इकडे बघ ना" म्हणणं त्या नात्यात बसत नव्हतं. आम्ही वाघाला देवपणातून मोकळं केलं आणि सेलिब्रिटी करून टाकलं. आता सेलिब्रिटीच्या वाट्याला जे येतं ते त्याच्याही वाट्याला येतंय.

परवा पुन्हा त्याच वळणावरून आले. आता तिथे पाटी लागली आहे, वन्यप्राण्यांचा वावर, वाहने हळू चालवा. पाटीच्या खाली चार गाड्या लावलेल्या, बोनेटवर बसून दोन मुलं वाट बघत होती. पाटीने त्यांना जागा बरोबर दाखवून दिली होती. शेजारी कणसं भाजणारा एक जण होता, माझी रिक्षा हळू झाली तसा तो पंखा हलवत म्हणाला, "थांबा ना मॅडम, साडेसातच्या आसपास येतो. काल पण आला होता." घड्याळात सात वाजून दहा मिनिटं झाली होती. कठड्याच्या पलीकडे, खाली पायवाटेवर, एक बॅटरी हलत हलत वर येत होती.